राखेची रेघ

उज्ज्वलाच्या डोक्यावर टोप बसवला, तेव्हा तिच्या मनात आलं, सकाळी केस धुतले ते बरं झालं. एवढंच आलं. धाकट्या बहिणीच्या मरणाचा निवाडा ज्या खोलीत व्हायचा, तिथे बसलेल्या साठीच्या बाईला आणखी काही सुचायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. बाहेर बाकावर बसलेली तिची मुलगी ऋजुताही तेच म्हणत होती.

डॉक्टर शबाना बागवान यांनी तिच्या मनगटाला एक पट्टी बांधली. पट्टी तापली, चांगलाच चटका बसला, उज्ज्वलाने हात आखडला. "छान," डॉक्टर म्हणाल्या. मग समोरच्या पडद्यावर निश्चळबाबांचा पुतळा आला. पुढून, बाजूने, नुसता चेहरा, नुसता उजवा तळवा. उज्ज्वला बघत राहिली. पुतळ्याच्या कानामागे मधमाश्यांनी पोळं धरलंय, हे तिला पहिल्यांदाच दिसलं.

टोप काढताना डॉक्टर आकडा सांगायला जरा घुटमळल्या. आकडा शून्य होता.

आता हा टोप म्हणजे काय प्रकरण, ते सांगायला हवं. मेंदूत विजेचे बारीक प्रवाह सतत खेळत असतात, आणि प्रवाह आला की त्याच्याभोवती चुंबकक्षेत्र आलंच. मेंदूचं क्षेत्र मात्र इतकं दुबळं, की पूर्वी ते मोजायला द्रवरूप हेलियमने गारठवलेलं खोलीएवढं यंत्र लागे आणि माणसाला त्यात डोकं घालून न हलता बसावं लागे. पुढे रुबिडियम नावाच्या धातूची वाफ इवल्याशा काचेच्या डबीत कोंडून तिच्यातून लेसरचा किरण सोडायची युक्ती साधली. डबीपाशी चुंबकक्षेत्र जरा जरी हललं तरी वाफेतले अणू डगमगतात, किरण मंदावतो आणि तो मंदावणं मोजता येतं. अशा शंभरेक डब्या टोपात बसवल्या, खोली खास धातूच्या पत्र्याने मढवली, की माणूस हलला-डुलला तरी चालतं.

अपमान झाला, ताटातूट झाली, म्हणजे मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले बरेचसे चटका बसल्यावरही जागे होतात, हे आधीपासून ठाऊक होतं. नवं होतं ते माप. आधी मनगटाला ठराविक चटका द्यायचा, तो मेंदू किती कळवळतो ते बघायचं, आणि तीच त्या माणसाची फूटपट्टी धरून मग त्याला पुतळा दाखवायचा. म्हणजे मग कोणी 'भावना दुखावल्या' म्हटलं की, किती दुखावल्या, हे विचारायची सोय झाली.

सरकारला तर हे यंत्र आयतंच सापडलं. पुतळा बसवला म्हणून एका गटाच्या भावना दुखावत, हलवायचं म्हटलं की दुसऱ्याच्या. बस जळत, इंटरनेट बंद होई, शाळांना सुटी मिळे. त्यावर कायदा निघाला. ज्याला दुखतं त्याने टोप घालावा. पुतळा ज्याचा, त्याच्यापायी ज्याचं थेट काही गेलं असेल, अशा माणसाचा आकडा ठरलेल्या रेषेवर गेला तरच अर्ज पुढे सरकेल. लोक त्याला टोपीचा कायदा म्हणू लागले आणि सरकारने कोणाला टोपी घातली यावर विनोद करू लागले. पण दंगली कमी झाल्या, हे कबूल करायला हवं.

धामणखेडच्या बसस्टँडसमोर निश्चळबाबांचा काशाचा पुतळा आहे. दोन मजली उंच, मांडी घालून बसलेला, डोळे उघडे, उजवा हात 'थांब' म्हणावं तसा. बाबांनी त्या मुलखात दारूची दुकानं बंद पाडली, तळं खणवलं, मुलींची शाळा काढली. हे सगळं खरं आहे, आणि ते नाकारणाऱ्याला धामणखेडात पाणी मिळणार नाही; तेही बाबांच्याच तळ्याचं. त्याचबरोबर बाबा घरटी एक मूल 'अर्पण' मागत. अर्पण केलेलं मूल आश्रमात राही, त्याने आईबापांना भेटायचं नाही आणि त्याला डॉक्टरला दाखवायचं नाही. देहाचं दुखणं हा पाहुणा आहे, त्याला बसायला पाट दिला नाही तर तो आपसूक निघून जातो, असं बाबा सांगत. उज्ज्वलाच्या बापाने भक्तीच्या भरात दोन्ही मुली दिल्या होत्या.

आश्रमाची मुख्य साधना कोरडी बैठक. सकाळी मुलांना ओळीने बसवत आणि प्रत्येकाच्या दोन्ही डोळ्यांखाली राखेची बारीक रेघ ओढत. मग घंटा होईपर्यंत बसायचं. मागे वळायचं नाही, कूस बदलायची नाही. घंटा झाली की सेविका एकेकापुढे येऊन विचारी, "डोळे कोरडे?" रेघ शाबूत असेल तर "कोरडे" म्हणायचं आणि खडीसाखर घ्यायची. रेघ भिजलेली असेल तर सेविका म्हणे, "ऊठ." मग उठून शेवटच्या ओळीत, गोठ्याच्या दारापाशी जाऊन बसायचं. नियम सगळ्यांना सारखा. बाबा स्वतःही रेघ ओढून बसत, आणि त्यांची कधी भिजली नाही.

उज्ज्वलाच्या धाकट्या बहिणीची, छबीची, रोज भिजे. ती सहा वर्षांची होती. गोठ्याच्या दारापाशी तिची जागा इतकी ठरून गेली होती की तिथली जमीन सारवताना मोठ्या मुली "छबीची जागा" म्हणत.

 घरी आल्यावर ऋजुताने चहा केला, आईच्या पुढे ठेवला आणि मग विचारलं, आई, तुला खरंच काही वाटत नाही? तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ऋजुताने छबीमावशीला कधी पाहिलं नव्हतं, तिचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. तरी चार वर्षं धावपळ करून पुतळा हलवायचा अर्ज तिनेच उभा केला होता. वकील तिने गाठले, जुने लोक तिने शोधले. आईला तिने फक्त टोप घालायला सांगितलं होतं, आणि आईला तेवढंही जमलं नाही.

"चहात साखर कमी आहे," उज्ज्वला म्हणाली. ते खरं होतं, म्हणून म्हणाली.

ती दगड नव्हती. नोकरीभर आरोग्यसेविका म्हणून तिने तालुक्यातल्या पोरांना लशी टोचल्या होत्या. एखाद्या वस्तीत घटसर्पाची लस राहिली असं कळलं तर उन्हातान्हात चालत जायची. पोर कितीही किंचाळलं तरी हिचा हात हलत नाही, म्हणून तिचा लौकिक होता. नवरा वारला तेव्हा सगळं तिनेच नीट केलं, आणि लोकांनी तिच्या धीराचं कौतुक केलं. ऋजुता मात्र तेव्हापासून आईकडे जरा लांबूनच बघायची.

दुसऱ्यांदा मोजून घ्यायची मुभा कायद्यात होती. ऋजुताच्या वकिलांनी नागपूरचा एक वर्ग सुचवला. असे वर्ग तोवर गल्लोगल्ली निघाले होते. मागणी तसा पुरवठा. तिथे दुखायला शिकवत. उज्ज्वला गेली. गालिचावर गोल करून दहाबारा माणसं बसली होती आणि एक तरुण शिक्षक मऊ आवाजात "आत उतरा, आत उतरा" म्हणत होता. शेजारचे विक्रीकरातले निवृत्त अधिकारी, त्यांच्या गावातल्या पुतळ्याचं तोंड नगरपालिकेने दुसरीकडे फिरवलं म्हणून, ओक्साबोक्शी रडले आणि मध्यंतरात आनंदाने दोन समोसे खाऊन आले. उज्ज्वला आत उतरून बघत होती. तिला समोरच्या मुलीच्या दंडावरचा लशीचा व्रण दिसला, आणि तो कोणी टोचला असेल, जरा खाली टोचायला हवा होता, असं वाटलं.

दुसऱ्या मापनालाही आकडा शून्यच आला. या वेळी डॉक्टर बागवान यांनी दोघींना आत बसवून घेतलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. ज्याला या पुतळ्याशी काही देणंघेणं नाही, अशा माणसाला तो दाखवला तरी मेंदूत थोडी हालचाल होते, कुठल्याही चेहऱ्याने होते तशी. उज्ज्वलाताईंच्या मेंदूत तेवढीही होत नाही. पुतळा दिसला की दुखण्याचे भाग रोजच्यापेक्षाही शांत होतात, कारण कपाळामागचा भाग त्यांना दाबून धरतो. नळ घट्ट पिळून बंद करावा, तसं. खरा आकडा शून्याच्याही खाली जातो. आश्रमाच्या बाजूने आलेल्या एका बाईंचाही अगदी असाच आला होता.

"मग हाच पुरावा झाला ना?" ऋजुता म्हणाली. "हे त्यांनीच केलंय तिचं."

"मी अहवालात तसं लिहिलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण शून्याखालचा आकडा शून्य धरावा असा नियम आहे. नियम केला तेव्हा असा आकडा येईल असं कोणाला वाटलं नव्हतं." मग उज्ज्वलाकडे वळून त्यांनी हलकेच विचारलं, "किती वयापासून बसत होता तुम्ही?"

"पाच," उज्ज्वला म्हणाली.

कोर्टाने अर्ज फेटाळला. मुख्य अर्जदारास भावक्षती झाल्याचे दिसून येत नाही, सबब पुतळा आहे तिथे राहावा. ऋजुता दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. उज्ज्वलाने तिच्यासाठी मुगाची खिचडी केली, तिच्या उशाशी बसली, तिच्या केसांवरून हात फिरवला. मुलीला दुखतंय हे तिला कळत होतं. पायरी दिसावी आणि पाऊल मात्र तिथे पोचू नये, अशी गत होती. याची तिला लाज वाटायची, पण तीसुद्धा वरवरच.

पुढच्या आठवड्यात बसस्टँडवर फलक लागला. टोप घातलेल्या उज्ज्वलाचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात 'आकडा शून्य', आणि त्याखाली 'बाबांची कृपा'. आश्रमाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब देवतळे यांच्या डोक्यातली ही कल्पना. अण्णासाहेबांचं डोकं मोठं सुपीक. जिने दावा लावला, तिच्याच मनात बाबांविषयी दुःखाचा कण नाही, म्हणजे ती बाबांची सर्वांत पोचलेली शिष्या ठरली, असा त्यांचा हिशेब होता. आश्रमाच्या वार्षिक उत्सवात, बैठकदिनाला, तिचा सत्कार करायचा, मंत्र्यांच्या हस्ते शाल-श्रीफळ द्यायचं, आणि पुतळ्याच्या डोळ्यांखाली राखेची रेघ ओढायचा मान त्या वर्षी तिला द्यायचा.

आमंत्रण घेऊन विमल आली. विमल म्हणजे आश्रमाची प्रमुख सेविका. उज्ज्वला आणि ती एकाच सतरंजीवर झोपून वाढलेल्या. उज्ज्वलाला सोळाव्या वर्षी मामाने पळवून नेलं, विमलला न्यायला कोणीच नव्हतं. इतक्या वर्षांत दोघी बाजारात समोरासमोर आल्या तर मान हलवत, तेवढंच. विमलने नारळ टेबलावर ठेवला आणि ऋजुता ताडकन उठून आतल्या खोलीत गेली.

विमल समोरच्या खुर्चीत बसली. मग म्हणाली, मंडळाच्या बाजूने टोप घालायला आधी तिलाच पाठवलं होतं. पुतळा हलवला तर किती दुखेल, ते मोजायला. तिचा आकडा बघून अण्णासाहेबांचा चेहरा पडला. मग आणखी जुने साधक पाठवले. सगळे तसेच. शेवटी ज्यांनी बाबांना कधी पाहिलंच नाही, अशी नवी पोरं गाडीत भरून नेली, तेव्हा कुठे काम भागलं.

"उजू, माझा बाप रोज पिऊन मारे मले," ती म्हणाली. "बाबांनी उचलून आणलं म्हणून मी जिती हाय. अन् छबी त्यांच्यापायी गेली. दोन्ही खरं हाय. अन् मी दोन्हीसाठी रडत नाही, हे पाह्य."

"तुला आठवते ती?"

"सारं आठवते."

उज्ज्वलालाही सारं आठवत होतं, चित्रासारखं स्वच्छ. छबीचा गळा सुजला होता, अंग भाजत होतं. त्या सकाळी घंटेच्या आधीच तिची रेघ भिजली. तेव्हा बाबा स्वतः तपासायला आले होते. नऊ वर्षांची उज्ज्वला नियम मोडून उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, ती रडली नाही, तापाचा घाम आहे. बाबा रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. "राखेला कारण सांगायचं नसतं, बेटा," ते म्हणाले. "ओलं ते ओलं." छबी उठून मागे गेली. थोड्या वेळाने उज्ज्वलाला मागून तिचा श्वास ऐकू यायला लागला, घासल्यासारखा. मागे वळायचं नव्हतं. मग तो ऐकू येईना. घंटा झाली. सगळ्या आश्रमाला एव्हाना कळलं होतं, आणि बाबा पहिल्या ओळीत उज्ज्वलापुढे येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं, डोळे कोरडे? तिने सांगितलं, कोरडे. त्यांनी सगळ्या मुलांना तिची रेघ दाखवली आणि खडीसाखरेचा मोठा खडा तिच्या हातात ठेवला. तो तिने खाल्ला होता, आणि तो गोड लागला होता.

"येशील का?" विमलने विचारलं. "नाही आली तरी मी काही म्हणणार नाही."

"येते," उज्ज्वला म्हणाली. का म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं. मान द्यायला कोणी आलं की नाही म्हणायची सवय नव्हती, एवढंच असेल. ऋजुता आतून ऐकत होती. विमल गेल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, तू त्या मंचावर चढलीस तर मी पुन्हा या घरात येणार नाही. हे तिने शांतपणे सांगितलं. उज्ज्वलाला वाटलं, मुलगी रागावली की आपल्यासारखीच दिसते.

बैठकदिन पौषात येतो. पुतळ्याला रेघ ओढायची ती भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, अशी पहिल्यापासूनची रीत. रीत का पडली ते कोणी विचारलं नव्हतं. त्या वर्षी मंत्र्यांना दुपारी दुसरीकडे उद्घाटन होतं, म्हणून अण्णासाहेबांनी कार्यक्रम सकाळी घेतला. विमलने दुपारचं बोलून पाहिलं, पण मंत्र्यांच्या वेळेपुढे सेविकेला कोण विचारतो.

सकाळी धुकं होतं. चौकात हजारोंनी माणसं मांडी घालून बसली होती. पुतळ्याच्या दोन्ही बाजूंना मोठे पडदे लावले होते आणि त्यांवर बाबांचा चेहरा घराएवढा दिसत होता. क्रेनच्या पाळण्यात उज्ज्वलाला उभं केलं, हातात राखेचं ताट दिलं, खांद्यावर नवी शाल. पाळणा वर जाताना तिने गर्दीत ऋजुताला शोधलं. ती बसस्टँडच्या कठड्याला टेकून उभी होती, आली होती.

पाळणा चेहऱ्यासमोर थांबला. इतक्या जवळून बाबा कोणासारखेच दिसत नव्हते. उज्ज्वलाने गालावर हात ठेवला, तर तो ओला लागला. काशाच्या अंगची उष्णता रात्रभर मोकळ्या आभाळाकडे निघून जाते. पहाटेपर्यंत धातू भोवतालच्या हवेहूनही गार होतो आणि हवेतला ओलावा त्याच्यावर थेंब होऊन बसतो. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तोच हा प्रकार. दुपारी हे व्हायचं कारण नव्हतं, म्हणून ताटात पुसायला फडकं ठेवायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिच्या खांद्यावर शाल होती. एकदा फिरवली असती तर गाल कोरडा झाला असता, आणि रेघ घंटेपर्यंत टिकलीही असती. तिने शालीला हात लावला. लोकर चांगली होती. मग तिने हात काढून घेतला, राखेत बोट बुडवलं आणि बाबांच्या दोन्ही डोळ्यांखाली, ओल्यावरच, बारीक रेघ ओढली. अगदी सरळ. हात हलला नाही.

खाली बैठक सुरू झाली. चौक गप्प झाला. मंत्री घड्याळ बघत होते. थोड्या वेळाने डाव्या डोळ्याखालची रेघ मध्ये काळपट झाली, फुगली, आणि तिच्यातून एक ओघळ निघून गालावरून हनुवटीपर्यंत आला. मग उजव्या बाजूने आला. पडद्यांवर ते सगळ्या चौकाला दिसत होतं. कोणी काही बोललं नाही, कारण बैठकीत बोलायचं नसतं. अण्णासाहेब मात्र उठून क्रेनवाल्याला हाताने खुणा करत होते.

घंटा झाली. विमल ध्वनिक्षेपकापाशी आली. रीतीप्रमाणे तिने विचारायचं आणि रेघ ओढणाऱ्याने बाबांच्या वतीने उत्तर द्यायचं. इतकी वर्षं उत्तर एकच होतं.

"डोळे कोरडे?"

"ओले," उज्ज्वला म्हणाली. पाळण्यातही माइक होता. तो शब्द चौकभर गेला.

अण्णासाहेब धावत विमलपाशी आले. दव आहे ते, दव, असं ते ध्वनिक्षेपकाच्या तोंडाशीच बोलले, तेही सगळ्यांनी ऐकलं. विमलने त्यांच्याकडे पाहिलं. मग वर पाळण्याकडे पाहिलं. तिचा चेहरा रोजच्यासारखाच होता.

"राखेला कारण सांगायचं नसतं," ती म्हणाली. "ओलं ते ओलं." आणि हजारो पोरांना म्हटलं होतं त्याच आवाजात तिने म्हटलं, "उठा, बाबा."

पुढे महिनाभर जे व्हायचं ते झालं. कोणी म्हणालं, बाबा पश्चात्तापाने रडले. कोणी म्हणालं, जगाच्या कृतघ्नपणावर रडले. शाळेतले विज्ञानाचे मास्तर दवबिंदूची आकृती काढून दाखवत फिरले. मंडळाने विमलवर कारवाई करायचं ठरवलं, पण जुने साधक एकेक करून तिच्या बाजूला येऊन बसले. बाबांवर त्यांचा विश्वास होता, म्हणूनच. नियमाला मीही अपवाद नाही, असं बाबाच म्हणाले होते. ज्याची राख भिजली त्याने पुढची जागा सोडून शेवटच्या ओळीत बसायचं, यावर वाद घालण्यासारखं त्यांना काही दिसेना. कोर्टाने पुतळा हलवू नका म्हटलेलं नव्हतं, राहावा एवढंच म्हटलं होतं. आणि मालकी आश्रमाची होती. शेवटी माघात एका सकाळी दोन क्रेन आल्या आणि बाबा चौथऱ्यावरून उठले. ना बस जळली, ना कोणी टोप मागितला.

विमलचा निरोप आला, बघून जा. उज्ज्वला गेली, ऋजुता सोबत होती. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तिने आईचा हात धरला होता. उज्ज्वला चालत होती, तिला विशेष काही वाटत नव्हतं. आश्रमाचं पटांगण होतं तसंच होतं, सारवलेलं. ओळींच्या खुणा चुन्याने आखलेल्या. पटांगणाच्या टोकाला, शेवटच्या ओळीत, पुतळा ठेवला होता. चौथऱ्यावर दोन मजली वाटणारे बाबा जमिनीवर आल्यावर तितके मोठे दिसत नव्हते. नियमाप्रमाणे तोंड समोर, 'थांब' म्हणणारा हात गोठ्याच्या दाराला जवळजवळ लागलेला.

उज्ज्वला बघत राहिली. मग तिच्या मनगटाला चटका बसला. तिने हात आखडला, पट्टी शोधली. पट्टी नव्हती. चटका तिथून वर चढत दंडात आला, गळ्यात आला.

"विमल," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नऊ वर्षांच्या मुलीसारखा निघाला. "इथे काहून बसवलं त्यांना?"

"शेवटची ओळ न, उजू. तूच..."

"ओळ बरोबर आहे. बाजूला सरकव त्यांना. थोडंसं सरकव. ही छबीची जागा आहे."

विमलने दाराकडे पाहिलं, खालच्या जमिनीकडे पाहिलं. मग तिने गड्यांना हाक मारली आणि पहारी आणायला सांगितलं. ऋजुता आईचा चेहरा बघत होती, तिने हात अजून सोडला नव्हता. गडी आले, त्यांनी पहारी लावल्या, आणि पुतळा घासत घासत एका बाजूला सरकायला लागला. विमल उज्ज्वलाच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. सवयीने तिचं तोंड उघडलं, पण तिने काही विचारलं नाही.